इशारा संपायच्या आधी

आवाज तुटला तेव्हा गुरुशांतला कळलं की आपलं बोट एंटर दाबून गेलंय. संगणक बोलत होता आणि त्याचं वाक्य अर्ध्यात राहिलं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा तो आवाज, धड बाईचा नाही, धड पुरुषाचा नाही, रोजच्यासारखाच कोरडेपणानं इंग्रजीत सांगत होता की आता जो भाग बसवला जाणार आहे त्यातल्या काही गोष्टींवर पेटंट आहेत, काही देशांत तो वापरणं बेकायदेशीर ठरू शकतं, आपल्या देशात परवानगी आहे की नाही याची खात्री ज्याची त्यानं करून घ्यावी, आणि तशी खात्री असेल तरच... तरचच्या पुढे काय होतं ते त्याला ऐकूच आलं नाही. बोटाला सवय होती. डोळे असलेली माणसं पाटी न वाचता ओळखीच्या गल्लीत वळतात, तसं त्याचं बोट वाक्याचा शेवट धरून चालायचं. आता आतली चकती घरघरत होती, काहीतरी उतरत होतं, बसत होतं. ते थांबवायची कळ त्याला ठाऊक होती. हात मात्र मांडीवर पडून राहिला. स्वयंपाकघरात शरणम्मा भाकरी थापत होती, तिचा तालातला आवाज येत होता, बाहेर भंगारवाला ओरडत गेला, आणि या सगळ्यात बेकायदेशीर हा एकच शब्द त्याच्या कानात अडकून बसला. मग संगणकानं त्याच कोरडेपणानं सांगितलं की काम पूर्ण झालं. गुरुशांतला एकदम लघवीला लागल्यासारखं झालं.

तो सोलापुरात एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होता. हल्ली फोन ज्याच्या त्याच्या खिशात असल्यामुळे बोर्डावर दिवसभरात फारसं काही यायचं नाही, पण खुर्ची होती, पगार होता. शनिवारी-रविवारी साखर पेठेतल्या एका दुमजली इमारतीत, टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या वरच्या खोलीत, तो अंध मुलामुलींना संगणक शिकवायचा. केंद्र एका ट्रस्टचं, संगणक देणगीतले, जुने. त्यांच्यात घातलेली प्रणाली मात्र मोफतची होती. तिच्यावर त्याचा जीव होता. तशी बाजारात बोलणारे प्रोग्रॅम मिळायचे, आणि त्यांच्या चोरलेल्या प्रती तर कुणीही पेनड्राइव्हवर घालून द्यायचं. त्याला अनेकांनी देऊ केल्या होत्या. त्यानं कधी हात लावला नाही. ही प्रणाली जगभरच्या माणसांनी मिळून केलेली होती, घ्या, वापरा, दुसऱ्याला द्या, असं त्यांनीच म्हटलं होतं. नव्या विद्यार्थ्याला तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा. इथं चोरीचं काही नाही. हे वाक्य म्हणताना त्याचा आवाज जरा उंच व्हायचा. ते मुलांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त होतं, हे त्याला माहीत होतं. आणि आज तीच प्रणाली स्वतःच्या तोंडानं म्हणत होती की माझ्यात काय आहे याची मी खात्री देत नाही, तुमचं तुम्ही बघा.

“याक री?” शरणम्मानं दारातून कानडीत विचारलं. काय झालं, असं. ती अक्कलकोटकडची, काळजी वाटली की मराठी विसरायची.

“काही नाही,” तो म्हणाला.

“घाम आलाय तुम्हाला.”

“पंखा कमी आहे.”

पंखा कमी नव्हता. ती काही वेळ तिथंच उभी राहिली असावी, कारण पिठाचा वास गेला नाही. मग गेली. गुरुशांतनं कानांवरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि कान मोकळे झाल्याबरोबर त्याला घराच्या बाहेरचं सगळं ऐकू यायला लागलं. कुणाची तरी मोटारसायकल फाटकापाशी थांबली. किक मारल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की त्या वेळात तो पुन्हा एकोणीस वर्षांचा झाला आणि नवी पेठेत, बसवराजच्या कॅसेटच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसला.

तेव्हा कॅसेटचे दिवस होते. पुढे दुकान, मागे खोलीत यंत्रं. एका मूळ कॅसेटवरून पुष्कळ कॅसेट एकदम भरायच्या, मग त्या ऐकून बघायच्या. ऐकण्याचं काम गुरुशांतचं. टेप जरा ओढला गेला, सूर बारीकसा उतरला, की त्याला कळायचं. बसवराज कौतुक करायचा, गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्याकडं माणूस हाय ऐकायला. ते भरणं गैर आहे हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. दुकान म्हणजे दुकान. त्या दुपारी तो हेडफोन लावून सनईची एक कॅसेट ऐकत होता. लग्नसराई होती. सनई स्वच्छ होती, जरा जास्तच स्वच्छ वाटत होती, कारण मागे नेहमी जाणवणारी यंत्रांची थरथर टेबलातून येत नव्हती. यंत्रं कुणीतरी बंद केली होती. एवढं त्याला कळलं, पण त्याचा अर्थ कळला नाही. नंतर खांद्यावर हात पडला. जड हात, अंगठीचा. त्यानं हसून मान वर केली, बसवराज असेल म्हणून. हेडफोन खेचला गेला आणि खोलीभर अनोळखी बूट वाजत होते. तंबाखूचा वास आला. चेहऱ्यासमोर कुणीतरी हात हलवल्याचा वारा लागला, आणि एकजण म्हणाला, “आंधळं हाय ओ हे.” दुसरा हसला. बसवराज नव्हता. त्याचे दोघं कामगार नव्हते. मागचं दार उघडं होतं, त्यातून गल्लीतली हवा येत होती. त्याच दारानं ते गेले असणार, त्याच्या खुर्चीला घासून, कारण दुसरी वाट नव्हती.

कुणाला तरी न्यायला हवं होतं, म्हणून त्याला नेलं. कुणी मारलं नाही. पोलीस चौकीत एका बाकावर बसवलं आणि विसरून गेले. भोवती माणसं येत होती, जात होती, फोन वाजत होता. त्याला लघवीला लागली. मोरी कुठं आहे हे विचारायचं तर कुणाला विचारायचं, आवाज कुठल्या दिशेला टाकायचा, हे कळेना. एकदा तो “साहेब” म्हणाला. कुणी ओ दिली नाही, किंवा मानेनं दिली असेल. संध्याकाळी वडील आले तेव्हा पँट ओली होऊन वाळत आली होती. वडिलांनी घरी नेलं, नळाखाली उभं केलं आणि लहान मुलाला धुतात तसं धुतलं. वाटेत बोलले नाहीत, धुताना बोलले नाहीत, नंतरही त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाहीत. काही दिवसांनी बसवराज पेढे घेऊन आला. म्हणाला, “तुला काय करणार हुते? तू सुटणारच की. आमाला तुडवलं असतं.” ते खरंही होतं. गुरुशांतनं पेढा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून त्यानं गुरुराजला फोन लावला. गुरुराज शरणम्माच्या बहिणीचा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. केंद्रातले सगळे संगणक त्यानंच उभे केले होते. घरचा बिघडला म्हणून या खेपेला पहिल्यांदाच गुरुशांतनं स्वतः सगळं बसवलं होतं, नाहीतर तो इशारा त्याच्या कानावर आलाही नसता.

“ते होय,” गुरुराज म्हणाला. “ते येतंच, काका. ओके करायचं.”

“म्हणजे तू केंद्रातल्या मशिनींवर पण केलंस?”

“केलं की. नाहीतर फोनवरची रेकॉर्डिंगं वाजणार कशी?”

“पण ते मोफतचं आहे ना?”

“प्रणाली मोफत आहे. आता बघा, आवाज दाबून बारीक करून फायलीत भरायची एक रीत असते. ती कुणीतरी शोधली आणि तिच्यावर हक्क घेतला. फाइल तुमची, आवाज तुमचा, पण तो उलगडायची रीत त्यांची. काही देशांत त्याचे पैसे द्यावे लागतात. म्हणून हे लोक आधीच हात वर करून ठेवतात.”

“आपल्याकडे काय आहे?”

“आपल्याकडे...” गुरुराज थांबला. मागे कुणीतरी हसत होतं, कपबशा वाजत होत्या. “आपल्याकडं जरा गुंतागुंतीचं आहे. पण कुणाला पकडलेलं तर मी ऐकलं नाही, काका.”

पकडलेलं. गुरुशांतनं फोन खाली ठेवला. त्या पोरानं धीर द्यायला म्हटलं होतं, पण तो शब्द आता बाहेर पडला होता आणि परत जात नव्हता. दुपारभर बोर्डावर जो फोन वाजला तो त्याला आपल्यासाठीच आहे असं वाटलं. कुणीतरी कडक आवाजात साहेबांना जोडून द्या म्हणालं आणि त्यानं चुकीची कळ दाबली. व्हरांड्यातून चालणाऱ्या प्रत्येक माणसाची चाल तो ओळखायचा, शिपायाची चप्पल, मोठ्या साहेबांचे रबरी तळाचे बूट. एक ओळखीची नसलेली चाल दाराशी येऊन थबकली. चाल पुढे गेली. असं घडणार नाही हे त्याला समजत होतं. सोलापुरातल्या मागांच्या वरच्या एका खोलीत कुठली पोरं कुठल्या रीतीनं आवाज उलगडून धडे ऐकतात, याचं कुणाला काय पडलंय? समजत होतं, पण समजणं डोक्यात होतं आणि भीती त्याच्या खाली, पोटाच्याही खाली. आणि तिला आता नवं काहीतरी सापडलं होतं. या खेपेला हेडफोन लावून बसलेला तो नव्हता. ती मुलं होती. त्यानंच त्यांना बसवलं होतं, इथं चोरीचं काही नाही असं सांगून.

तो अर्धी रजा टाकून रिक्षानं साखर पेठेत गेला. खाली माग धडधडत होते, जिना हादरत होता. वरची खोली बंद, उबट. त्यानं एकेक संगणक चालू केला आणि एकेकावरून तो भाग काढून टाकला. प्रत्येक वेळी संगणकानं विचारलं, नक्की काढायचं का, आणि प्रत्येक वेळी त्यानं प्रश्न शेवटपर्यंत ऐकून घेतला. शेवटचं यंत्र बंद केलं तेव्हा त्याला बरं वाटलं. घरी जाऊन तो चांगला जेवला. शरणम्मानं शेंगाची चटणी पुन्हा वाढली. त्या भागाशिवाय काय काय वाजणार नाही याचा विचार त्याच्या मनाच्या कडेला आला होता, आणि त्यानं तो तिथंच राहू दिला.

शनिवारी ऋतुजा सगळ्यांच्या आधी आली. माळशिरसकडची, मेंढरं राखणाऱ्या मायाप्पांची मुलगी, बी.ए. झालेली, शहरात वसतिगृहात राहायची. मंगळवारी तिची रेल्वेची परीक्षा होती. अभ्यासाचं पुस्तक ब्रेलमध्ये मिळालं नव्हतं. तिचा भाऊ ज्ञानू रानात मेंढरांमागं हिंडता हिंडता ते पुस्तक फोनवर वाचून भरायचा आणि गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पेनड्राइव्ह पाठवायचा. तिच्याकडे बटणांचा साधा फोन. तिचा सगळा अभ्यास या खोलीतल्या कोपऱ्यातल्या यंत्रात होता. तिच्या शेजारी मंजुनाथ बसायचे. कापडाचं दुकान होतं त्यांचं, साखरेच्या आजारात नजर गेली, आता उतारवयात शिकत होते.

“सर, ज्ञानूचा आवाज येत न्हाय,” ऋतुजा म्हणाली.

“सिस्टिममध्ये काहीतरी झालंय,” गुरुशांत म्हणाला.

“सगळ्याच फायलींना झालंय?”

“हो.”

“माझ्यात पण न्हाय,” तोवर बाकीच्यांबरोबर येऊन बसलेले मंजुनाथ म्हणाले.

“दुरुस्त कवा हुईल?” ऋतुजानं विचारलं.

“बघू. पुढच्या आठवड्यात.”

ती पुन्हा कळफलकाकडे वळली. तिच्या बोटांचा आवाज येत होता, एक फाइल, मग दुसरी, मग तिसरी, आणि प्रत्येक वेळी हेडफोनमधून गळणारा तोच कोरडा आवाज, ही फाइल वाजवता येत नाही. ती शेवटपर्यंत जाणार होती. गुरुशांत टेबलाला हात टेकून उभा होता. तिनं वैतागून काही म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. ती नुसती ऐकत होती, शांतपणे, कानांवर हेडफोन, आणि आपल्याला का ऐकू येत नाही हे तिला माहीत नव्हतं. खोलीत ज्याला माहीत होतं तो तिच्या मागे उभा होता.

“ऋतुजा,” तो म्हणाला. “ते काढ कानावरचं. सगळेच काढा. बिघाड नाही झालेला. मी काढून टाकलंय ते.”

मग त्यानं सांगितलं. इशारा सांगितला, गुरुराज काय म्हणाला ते सांगितलं. मुलांना ते नीट कळेना, म्हणून नवी पेठेतलं दुकान सांगितलं, सनई, अंगठीचा हात, बाक. बाकावर पुढे काय झालं तेही सांगितलं. हे तो शरणम्मालासुद्धा कधी बोलला नव्हता. बोलताना त्याचा आवाज मागांच्या धडधडीत अधूनमधून बुडत होता आणि त्याला ते बरंच वाटत होतं.

“ती मानसं तुमच्या जवळनं गेली?” ऋतुजानं विचारलं.

“खुर्चीला घासून.”

“मंग हाक का न्हाय मारली?”

“घाबरले असतील.”

“हाक मारायला किती येळ लागतुया, सर?”

त्यानं टेबलावरचा एक हेडफोन उचलून सरळ ठेवला.

“तुमीबी न्हाय मारली की,” ती म्हणाली. हळूच म्हणाली, जणू तिला ते आत्ताच सुचलं होतं. “काडायच्या आदी. मी दुसरीकडं कुटंतरी सोय बघितली असती. आता मंगळवार आलाय.”

मंजुनाथ खाकरले. कुणाची तरी खुर्ची सरकली. गुरुशांतला वाटलं, वडिलांनी धुतलं तेव्हा जसं उभं राहावं लागलं होतं तसं आपण आता उभे आहोत. पण आता कुणी धुवत नव्हतं. तो कोपऱ्यातल्या यंत्रापाशी गेला, हेडफोनची वायर उपसली आणि आवाज स्पीकरवर टाकला.

“मी परत बसवतोय,” तो म्हणाला. “पण आधी तो काय म्हणतो ते पूर्ण ऐका. मीसुद्धा पूर्ण ऐकलेलं नाही.”

त्या आवाजानं सगळं सांगितलं. पेटंट, काही देश, बेकायदेशीर, तुमची तुम्ही खात्री करा. तशी खात्री असेल तरच पुढे जा, नाहीतर रद्द करा. एवढंच होतं. त्या तरचच्या पुढे काहीतरी भयंकर असेल असं त्याला इतके दिवस वाटत होतं. त्यानं एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं.

“म्हंजी त्यांनाबी ठाव न्हाय?” ऋतुजानं विचारलं.

“आपल्यापुरतं नाही.”

“तुमाला?”

“मलाही नाही. सोमवारी मी ट्रस्टच्या वकिलांना विचारणार आहे. ते नको म्हणाले तर काढावं लागेल, पण तुम्हाला सांगून काढीन.”

“माझ्या मशिनीत नका घालू,” मंजुनाथ म्हणाले. “लायसनवाले, टॅक्सवाले, आयुष्यभर लई बघितले. या वयात नको. मी आपला हिच्या शेजारी बसून ऐकतो.”

“नुसतं ऐकलेलं चालंल व्हय?” ऋतुजा म्हणाली, आणि कुणीतरी हसलं.

गुरुशांतनं कळफलकाकडे हात नेला तर तिचा हात आधीच तिथं होता. “मशीन माझ्या ताब्यातली आहे,” तो म्हणाला. “मी दाबतो.”

“मी ऐकलंय सगळं. मला कळलंय. मीच दाबते की,” असं म्हणून तिनं एंटर दाबला.

काही वेळ नुसती घरघर झाली. मग ज्ञानू बोलायला लागला. वाऱ्यानं फोनमध्ये फरफर होत होती, मेंढरं ओरडत होती, आणि तो एकेक शब्द पायाखालचा दगड चाचपून बघावा तसा वाचत होता, भारतातील रेल्वेचे विभाग व त्यांची मुख्यालये. मध्येच त्यानं कुत्र्याला हाड केलं आणि पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून घेतली. ऋतुजा त्याच्याबरोबर पुटपुटत होती. मंजुनाथही पुटपुटायला लागले.

तेवढ्यात वीज गेली असावी, खालचे माग एकदम थांबले. कोपऱ्यातलं यंत्र बॅटरीवर चालत राहिलं. इतक्या वेळच्या धडधडीनंतरच्या शांततेत जिना स्पष्ट ऐकू यायला लागला, आणि जिन्यात पावलं होती. ओळखीची नव्हती. सावकाश, जड, प्रत्येक पायरीवर थांबत चढणारी. गुरुशांतची जीभ टाळूला चिकटली. त्यानं ती सोडवली.

“जिन्यात कुणीतरी आहे,” तो खोलीला म्हणाला.

ज्ञानूचा आवाज थांबला. ऋतुजानं थांबवला होता. सगळ्यांनी ऐकलं.

“येऊ द्या की,” ती म्हणाली, आणि पुन्हा सुरू केलं.

तो दाराकडे गेला. भिंतीला हात लावत गेला. पावलं वरच्या पायरीवर पोचली. कुणी कडी वाजवायच्या आत त्यानं दार उघडलं आणि विचारलं, “कोण पाहिजे?”

“शिवणाचा क्लास हाच का हो?” एका बाईनं धापा टाकत विचारलं.

“पलीकडचा जिना,” तो म्हणाला.

बाई उतरून गेली. तिची पावलं पलीकडच्या जिन्यापर्यंत पोचेतो तो ऐकत राहिला. ऋतुजानं आतून विचारलं कोण होतं, त्यानं सांगितलं. मग त्यानं एक खुर्ची ओढून उंबऱ्याशी ठेवली, आतलं वाचन आणि बाहेरचा जिना दोन्ही ऐकू येतील अशी, आणि दार उघडंच ठेवून तो तिथं बसला.